मोटारीचं चारापाणी

हिंगोली जिल्ह्यातलं कुठलंही आडवळणाचं गाव डोळ्यांपुढे आणा. सेनगाव तालुक्यातलं घ्या, नाहीतर औंढ्याच्या डोंगराकडचं. गावात पेट्रोलपंप नसतो. तो तालुक्याच्या गावी किंवा मोठ्या रस्त्यावरच्या नाक्यावर असतो. विजेची तार मात्र गावात आलेली असते. घरात दिवा असतो, शिवारात मोटारपंप असतो, वेशीजवळ डीपी असते. तरीही गावातल्या मोटारसायकली आणि जीपगाड्या पेट्रोल-डिझेलवर चालतात, आणि विजेची मोटार घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘चार्ज कुठं करायची?’ जे इंधन गावात मिळत नाही त्याची कुणाला फिकीर नाही, आणि जे दारात आलेलं आहे त्याचीच चिंता!

हे कोडं वर्गात घालून पाहा. मुलं बहुधा बॅटरीकडे बोट दाखवतील. बॅटरी जड असते, महाग असते, लवकर संपते. उत्तर चूक नाही, पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं शोधायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

त्या काळी हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. १९०३ साली ही फौज इंग्रजांच्या हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली. घोडदळ आणि मालवाहू बैल यांच्यावर चालणाऱ्या अशा फौजेला वाटेत इंधन कुठं मिळेल, हा प्रश्न फारसा पडत नसे. कडबा आणि पाणी गावोगाव होतं. वाहन बदललं की नेमकी हीच सोय नव्यानं उभी करावी लागते, आणि ती कोण उभी करतो यावर पुष्कळ काही ठरतं.

पेट्रोलच्या मोटारीला ही सोय जवळजवळ फुकटात मिळाली. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ ही जर्मन बाई नवऱ्यानं बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांसह, मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी निघाली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. पेट्रोलपंप ही वस्तू जगात कुठंच नव्हती. वाटेत वीसलोख या गावी ती औषधाच्या दुकानात गेली आणि तिथून लिग्रोइन नावाचं, डाग काढायला वापरतात ते द्रावण विकत घेऊन टाकीत ओतलं. गाडी पुढे गेली. आजही आपल्याकडे आडगावच्या किराणा दुकानात पाण्याच्या बाटलीतून पेट्रोल मिळतं. कायद्यात ते बसत नाही, पण बर्थाबाईंच्या औषधाच्या दुकानाचंच ते आपलं रूप. द्रव इंधनाचा हा मोठा गुण आहे: ते डब्यात भरता येतं, बैलगाडीवर टाकता येतं, फळीवर ठेवून विकता येतं. त्याआधीच रॉकेलचे पत्र्याचे डबे जगभरच्या बाजारांत पोचलेले होते. पेट्रोल हे रॉकेल काढताना उरणारं, फारसं कुणाला नको असलेलं द्रव होतं. ते त्याच दुकानांतून, त्याच वाटांनी गेलं.

विजेची मोटार काही मागे नव्हती. गॅस्तों प्लांते यानं १८५९ साली शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. १८८१ मध्ये कामिय फोर यानं तिच्यात सुधारणा केली, आणि त्याच वर्षी पॅरिसच्या रस्त्यावर गुस्ताव त्रुवे याची विजेवरची तीनचाकी धावली. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेचीच होती. बेल्जियमच्या कामिय येनात्झीनं तो पराक्रम एप्रिल १८९९ मध्ये केला. अमेरिकेत १९०० साली ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांतल्या १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि फक्त ९३६ पेट्रोलच्या होत्या. हे आकडे फळ्यावर लिहून ‘यातली कोण जिंकेल?’ असं मुलांना विचारलं, तर पेट्रोलला मतं कमीच पडतील.

आता त्या काळच्या विजेच्या मोटारी चार्ज कुठं होत ते पाहू. लंडनमध्ये १८९७ साली वॉल्टर बर्सी यानं विजेच्या भाड्याच्या गाड्या सुरू केल्या. एका भारात सुमारे ५० किलोमीटर जाणाऱ्या या गाड्या लॅम्बेथमधल्या एकाच डेपोत परतत. तिथं यंत्रानं खालची अख्खी बॅटरी उतरवून दुसरी चढवली जाई. दोन वर्षांत, १८९९ मध्ये, धंदा बंद पडला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं ‘इलेक्ट्रंट’ नावाची कल्पना मांडली: रस्त्याच्या कडेला आगीच्या बंबासाठी जसा नळ असतो तसा विजेचा नळ, नाणं टाकायचं आणि वीज घ्यायची. ती कल्पना रस्तोरस्ती काही पोचली नाही. हार्टफर्ड या शहरातल्या वीजकंपनीचा प्रयोग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. गिऱ्हाइकानं मालमोटार बॅटरीशिवाय विकत घ्यायची. बॅटरी कंपनीची. उतरली की भरलेली लावून मिळे, आणि पैसे महिन्याच्या ठरलेल्या आकारासह मैलांच्या हिशेबानं. १९२४ पर्यंत या गाड्या मिळून ६० लाख मैलांहून अधिक धावल्या. म्हणजे त्या काळच्या जड, शिशाच्या बॅटरीनंही व्यवस्थित काम भागत होतं, फक्त शहराच्या वेशीच्या आत.

शहरातही सगळ्यांना सारखी सोय नव्हती. विजेची मोटार घेणारा बहुधा स्वतःचं घर आणि घोड्याची पागा असलेला श्रीमंत माणूस असे. हेन्री फोर्डची पत्नी क्लारा हिची स्वतःची मोटार विजेवर चालणारी होती! अशा घरांनाही एक अडचण आली, आणि ती विज्ञान शिकवणाऱ्यांनी जरूर सांगावी अशी आहे. सुरुवातीला शहरांत बऱ्याच ठिकाणी दिष्ट प्रवाह, म्हणजे डीसी, मिळे. पुढे लांबवर वीज नेण्यासाठी प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी, सोयीचा ठरला आणि तो पसरला. पण बॅटरी एसीवर भरत नाही. प्रवाहाची दिशा सेकंदाला कितीतरी वेळा उलटत असेल तर जेवढं भरलं तेवढंच रिकामं होणार. मग पीटर कूपर ह्यूइट यानं १९०२ मध्ये तयार केलेला पाऱ्याच्या वाफेचा एकदिशकारक, म्हणजे रेक्टिफायर, पैसेवाल्यांच्या गॅरेजमध्ये आला. काचेचा मोठा फुगा, त्यात निळसर उजेड, आणि शेजारी भरत असलेली मोटार.

शहराबाहेर मात्र वीजच नव्हती. अमेरिकेतल्या शेतघरांपैकी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जेमतेम दहातल्या एका घरात वीज होती. फोर्डची स्वस्त मॉडेल टी १९०८ साली आली, १९१२ पासून बटणावर इंजिन सुरू होऊ लागलं आणि हँडल मारायची कटकट गेली. ही कारणं पुस्तकांत असतातच. पण खेड्यातल्या शेतकऱ्याला गाडी घ्यायची असेल तर त्याच्यापुढं निवड अशी नव्हतीच. पेट्रोलचा डबा त्याच्या दुकानात येत होता, तार येत नव्हती.

हिंगोलीत क्रम नेमका उलटा झाला. मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटून १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९६० साली महाराष्ट्र राज्य आणि पाठोपाठ राज्य वीज मंडळ स्थापन झालं. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातला एक तालुका होती. स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. मंडळानं पुढच्या तीन दशकांत खेडोपाडी खांब नेले. ‘विद्युतीकरण झालेलं गाव’ याची त्या वेळची व्याख्या फार उदार होती: गावाच्या हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली गेली की गाव उजळलं! २००४ नंतर निदान दहा टक्के घरांत वीज हवी, अशी अट आली. तरी एवढं खरं, की पेट्रोलपंपाच्या आधी तार आली. मग अडतं कुठं?

अडतं धारेत. नळाला पाणी आहे, पण धार करंगळीएवढी आहे.

हे नीट समजायला एक गणित करू. पंपावरच्या नळीतून मिनिटाला ३० ते ३५ लिटर पेट्रोल पडतं असं धरा. एका लिटरमध्ये सुमारे ३४ मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे सेकंदाला अर्ध्या लिटरहून थोडं अधिक, म्हणजेच सुमारे १७ ते २० मेगावॅट. हिंगोलीच्या सीमेला लागून, पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे. त्याच्या पायथ्याच्या वीजघराची क्षमता साडेबावीस मेगावॅट आहे. पेट्रोलपंपावरचा पोऱ्या एका हातानं जी नळी धरून उभा असतो, तिच्यातून जवळजवळ येलदरीएवढी शक्ती वाहत असते! यात थोडा अन्याय आहे, कारण पेट्रोलचं इंजिन त्यातली जेमतेम पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोचवतं, तर विजेची मोटार त्याच्या तिप्पट हिस्सा पोचवते. तो हिशेब धरला तरी नळीची बरोबरी करायला काही हजार किलोवॅट लागतील.

घरातल्या १५ अँपियरच्या प्लगमधून मिळतात सुमारे तीन किलोवॅट. टाटांची नेक्सॉन ही मोटार जानेवारी २०२० मध्ये विजेवर आली तेव्हा तिची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची होती, म्हणजे भरायला दहा तास. यात घाबरण्यासारखं काही नाही. पाच अश्वशक्तीचा पंप याहून जास्त ओढतो. मोटार रात्री उभीच असते. पण रस्त्यावरच्या प्रवाशाला दहा तास थांबता येत नाही, त्याला साठ किलोवॅटचं जलद केंद्र हवं. साठ किलोवॅट म्हणजे पाच अश्वशक्तीचे सोळा पंप एकदम. गावातली डीपी पुष्कळदा ६३ किंवा १०० केव्हीएची असते. तिच्यावर हे केंद्र जोडलं तर गावाला काय उरेल? जलद केंद्रासाठी वेगळी डीपी, वेगळी जोडणी लागते, आणि तो खर्च दिवसाला दोन मोटारी आल्या तर निघत नाही. मोटारी कमी म्हणून केंद्र नाही, आणि केंद्र नाही म्हणून मोटारी कमी.

त्यात आपला मागचा अनुभव आहे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत महावितरणनं गळती आणि वसुली पाहून गट पाडले. ज्या भागात थकबाकी जास्त, तिथं अंधार जास्त. शेतीपंपांना तर वर्षानुवर्षं थ्री-फेज वीज पाळीपाळीनं मिळत आली, दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास. रात्री दोनला उठून पंप चालू करायला गेलेल्या माणसाला ‘घरी लावून ठेवा, सकाळपर्यंत भरेल’ असं सांगितलं तर तो हसेल. गावठाणाचे फीडर वेगळे केल्यानं घरगुती पुरवठा बराच सुधारला, पण विश्वास तारेइतक्या लवकर पोचत नाही.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस विजेवरची सायकलरिक्षा तयार केली, तिचं नाव ‘इलेक्शा’. छोटं वाहन, छोटी बॅटरी, ठरलेल्या फेऱ्या आणि रात्री घरच्याच प्लगवर भरणं. बर्सीच्या मोटारी जिथं अडल्या तिथं हे वाहन अडायचं कारणच नाही, कारण ते शहराबाहेर जातच नाही. देशभर पसरलेल्या ई-रिक्षांनी पुढे हीच वाट धरली.

मोटारीचं मात्र तसं नाही, आणि सरकारी धोरणांनी आधी शहरंच पाहिली. केंद्र सरकारनं एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केलं, की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, म्हणून परवाना नको. हे चांगलं झालं. हिंगोलीतला ढाबेवालाही आता केंद्र काढू शकतो. पण राज्याच्या २०२१ च्या धोरणात केंद्रांचं वाटप असं होतं: मुंबई १५००, पुणे ५००, नागपूर १५०, नाशिक १००, औरंगाबाद ७५, अमरावती ३०, सोलापूर २०. सगळ्या मराठवाड्यातून एकच नाव. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती, त्यातले सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत. २०२५ च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला केंद्र असावं असं म्हटलं आहे. अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड रस्त्याला त्याचा उपयोग होईल.

प्लगचा घोळही १९०० सारखाच झाला. सुरुवातीला आपल्याकडे १५ किलोवॅटच्या ‘भारत डीसी-००१’ मानकाची केंद्रं उभी राहिली. नंतरच्या मोटारी सीसीएस-२ हा वेगळा प्लग घेऊन आल्या, आणि ती केंद्रं त्यांच्या कामाची राहिली नाहीत. केंद्र आहे, वीज आहे, पण तोंडाला तोंड जुळत नाही.

आज हिंगोलीत विजेची मोटार कुणाला परवडते, याचं उत्तर पगाराइतकंच अंगणावर अवलंबून आहे. ज्याचं स्वतःचं घर आहे, दारात मोटार उभी राहते, त्याला बाहेरचं केंद्र क्वचितच लागतं. नांदेड ८५ किलोमीटर, जाऊन येऊन १७०. बेतानं चालवली तर एका भारात होऊ शकतं. पण उच्च न्यायालयाच्या कामासाठी छत्रपती संभाजीनगरला जायचं तर अंतर एका बाजूनं सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, आणि मुक्कामाच्या जागी तरी प्लग हवाच. बदलीच्या गावी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या शिक्षकाचं किंवा जुन्या गल्लीतल्या वाड्यात राहणाऱ्या कुटुंबाचं काय? त्यांच्या दारात मोटारच येत नाही. वरच्या मजल्यावरून वायर सोडायची तर घरमालक नाही म्हणतो. पेट्रोलपंप मात्र अंगण आहे की नाही हे कुणालाच विचारत नाही.

आठवी-नववीच्या मुलांना एक काम देता येईल. गावातल्या डीपीवर किती केव्हीए लिहिलं आहे ते लांबूनच वाचायचं, अगदी कुंपणाबाहेरून. तिच्यावर किती घरं आणि किती पंप आहेत ते वायरमनला विचारायचं. मग गावातल्या दहा घरांनी रात्री दहाला एकदम तीन-तीन किलोवॅटची मोटार लावली तर डीपीला झेपेल का, आणि पाळ्या लावून दिल्या तर किती मोटारी सकाळपर्यंत भरतील, हे काढायचं. पाण्याच्या पाळ्या लावायची सवय असलेल्या गावात हे गणित मुलं फार लवकर सोडवतात.