अहमदाबादच्या कपाटातला आवाज

१९६९ हे साल विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना दोन घटनांमुळे पाठ असते. जुलैत माणसाचे पाऊल चंद्रावर पडले आणि १५ ऑगस्टला इस्रोची स्थापना झाली. त्याच वर्षी, पावसाळा सरल्यावर, अहमदाबादेत आणखी एक गोष्ट घडली. तिची नोंद आपल्या विज्ञानाच्या इतिहासात नाही. संगीताच्या इतिहासातही ती परवापरवापर्यंत नव्हती. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, अमेरिकन पियानोवादक आणि प्रयोगशील संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी एक मोग सिंथेसायझर मांडला आणि देशातला एक अगदी आरंभीचा इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला.

हा योगायोग मात्र नव्हता. इस्रोचे शिल्पकार विक्रम साराभाई आणि एनआयडी घडवणारी गौतम व गिरा साराभाई ही सख्खी भावंडे. त्यांची बहीण गीता पखवाज शिकलेल्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जॉन केज यांना भारतीय संगीताचे धडे दिले आणि केज यांच्याकडून त्या आधुनिक पाश्चात्त्य संगीत शिकल्या. ट्यूडर हे केज यांचे जुने सहकारी. अग्निबाणांची स्वप्ने आणि नव्या ध्वनीची स्वप्ने एकाच शहरात, एकाच घराच्या ओसरीवर वाढत होती.

यंत्राविषयी थोडे सांगायला हवे. त्याचे कर्ते रॉबर्ट मोग यांनी कॉर्नेल विद्यापीठात अभियांत्रिकी भौतिकीत डॉक्टरेट केली होती. १९६४ मध्ये त्यांनी जगापुढे ठेवलेली कल्पना साधी होती: स्वराची उंची, त्याचा पोत आणि त्याचा जोर हे सारे विद्युतदाबाने नियंत्रित करायचे. दाब १ व्होल्टने वाढवला की कंपनसंख्या दुप्पट, म्हणजे षड्जावरून थेट तार षड्ज.

आता त्या काळचे आपले चित्र आठवा. पेटीचा स्वर पट्टीला जखडलेला, तिच्यातून मींड निघत नाही आणि श्रुती साधत नाहीत, या आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० पासून पेटीला बंदी घातली होती. ती १९७१ मध्ये शिथिल झाली. म्हणजे ट्यूडर अहमदाबादेत तारा जोडत होते तेव्हा नभोवाणीवर पेटी निषिद्धच होती. आणि समोर असे यंत्र आले होते की ज्याचा विद्युतदाब एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकू शकत होता. त्याला पट्ट्या जोडता येत, पण त्या अपरिहार्य नव्हत्या. शिवाय हे यंत्र सामान्यतः एका वेळी एकच स्वर वाजवी. स्वरमेळावर उभ्या असलेल्या पाश्चात्त्य संगीतात ही उणीव ठरली. एकाच स्वररेषेवर सारा डोलारा उभारणाऱ्या रागसंगीताला तिचे काय वावडे?

अडचण वेगळ्याच ठिकाणी होती आणि ती शुद्ध भौतिकीची होती. विद्युतदाबाच्या सरळ चढत्या पायऱ्यांचे कंपनसंख्येच्या दुपटीत रूपांतर करण्यासाठी ट्रान्झिस्टरच्या घातांकी गुणधर्माचा उपयोग केला जातो. हा गुणधर्म निरपेक्ष तापमानावर अवलंबून असतो. सर्वसाधारण तापमान सुमारे ३०० केल्व्हिन. खोली ५ अंशांनी तापली आणि मंडलात त्याची भरपाई केलेली नसली, तर प्रमाणात सुमारे १.७ टक्क्यांचा फरक पडतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर ही चूक २० सेंटची होते. आपल्या शास्त्रकारांची प्रमाणश्रुती सुमारे २२ सेंटची. म्हणजे सकाळी जुळवलेला तार षड्ज दुपारपर्यंत जवळजवळ एका श्रुतीने उतरतो! तंबोऱ्याची तार हवेने उतरते हे आपल्याला ठाऊक होते. सिलिकॉनही त्याच जातीचे निघाले.

या यंत्रावर गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी काम केले. एका रचनेच्या शीर्षकात तंबोरा आहे, दुसऱ्या एका मालिकेच्या नावात अंतराळयान आणि २००१ साल. काही ध्वनिमुद्रणे १९७० च्या ओसाकातील जागतिक प्रदर्शनासाठी केलेली. त्या दशकाची भारतीय मनोवस्था याहून नेमकी कुठे सापडेल? उपलब्ध मुद्रणे १९६९ ते १९७२ या काळातील आहेत. त्यानंतर स्टुडिओ थंडावला. 'मोग'चा उच्चार अनेक जण चुकून 'मूग' करतात. आपल्या मोगने मात्र खरोखरच पुढची चार दशके मूग गिळले.

तो बोलू लागला तो ब्रिटिश संगीतकार आणि संशोधक पॉल पर्गस यांच्यामुळे. एनआयडीच्या संग्रहात ठेवलेल्या जुन्या फितींपर्यंत ते पोहोचले, फितींचे अंकीकरण झाले, आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रकाशित झाल्या. तोपर्यंत भारतातील इलेक्ट्रॉनिक संगीताची कथा बहुधा चित्रपटसंगीतापासून किंवा मुंबईच्या चरणजित सिंग यांच्या १९८२ च्या तबकडीपासून सांगितली जाई. त्या तबकडीचे दैवही असेच. रोलँड कंपनीच्या नव्या यंत्रांवर त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले, पण तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. शिकागोत त्याच टीबी-३०३ यंत्रातून १९८७ च्या सुमारास एक नवा संगीतप्रकार जन्मला. २०१० मध्ये चरणजितांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा जगाला कळले की तसलाच नाद मुंबईत आधी उमटून गेला होता.

दोन्ही कथांचा शेवट सुखद आहे, म्हणून त्या सांगता येतात. पण फितीचे आयुष्य किती असते हे पाहिले म्हणजे या सुखाची किंमत कळते. ध्वनिफीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर बंधक द्रव्याने चिकटवलेले लोहऑक्साइडचे कण. प्रतिसेकंद ३८ सेंटिमीटर वेगाने फीत धावत असेल, तर १० हजार हर्ट्झच्या नादाची एक लहर फितीवर अवघे ३८ मायक्रॉन जागा घेते. केसाच्या जाडीहूनही बहुधा कमीच. गुंडाळलेल्या फितीत एका थराचे चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटते आणि मूळ आवाजाआधी त्याची पुसट सावली ऐकू येते. काही फितींचे बंधक हवेतील बाष्प शोषून चिकट होते. अशी फीत वाजवण्यापूर्वी तिला सुमारे ५० अंश सेल्सिअसला कित्येक तास मंद शेकावे लागते, आणि तो उपायही तात्पुरताच. दमट हवेच्या देशात कपाटात ठेवलेली फीत म्हणजे उन्हात ठेवलेला बर्फ. फरक वेगाचा, इतकाच.

हे लिहिताना एक आठवण बोचते. पीएच.डी.च्या दिवसांत मी ज्या प्रयोगशाळेत काम करत असे, तिथल्या एका खोलीत जुन्या प्रयोगांच्या चुंबकीय फिती रचून ठेवलेल्या होत्या. खोली रिकामी करण्याचा हुकूम आला. फिती वाचणारे यंत्र केव्हाच भंगारात गेले होते, चिठ्ठ्यांवरची शाई उडाली होती, आणि ज्यांनी मापने घेतली ते निवृत्त झाले होते. आम्ही तिघांनी त्या फिती टेंपोत भरल्या. त्यांत काय होते हे मी विचारले नाही, कारण मला प्रबंधाची घाई होती. आज एनआयडीच्या फिती ऐकताना वाटते, की आमच्या त्या टेंपोत कदाचित काही नव्हतेही. पण ते ठरवण्याचा अधिकार आम्हा तिघांना कोणी दिला होता?

यंत्र आणणे हा इतिहासाचा अर्धाच भाग असतो. त्यासाठी निधी मिळतो, उद्घाटने होतात, छायाचित्रे छापून येतात. उरलेला अर्धा भाग कोणीतरी खोक्यावर तारीख, नाव आणि फितीचा वेग लिहून ठेवतो, त्यावर उभा असतो. अहमदाबादेत ते खोके कोणी जपले, त्यांची नावे या लेखात नाहीत. पण या कथेतले पाचही संगीतकार आज आपल्यापर्यंत पोहोचले ते त्यांच्यामुळेच.

म्हणून विद्यार्थी मित्रांना एक विनंती. आपल्या विभागात एखादे न उघडलेले कपाट असेलच. सुट्टीत एक दुपार काढा, आतल्या वस्तूंची यादी करा, आणि ज्येष्ठ तंत्रज्ञ निवृत्त होण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसून प्रत्येक खोक्यावर काय ते लिहून घ्या. पेन्सिलीने लिहा, शाई उडते.