प्रकाशानुवर्तन : संशोधनाचा इतिहास

वनस्पतीवर एका बाजूने प्रकाश पडला असता तिच्या अवयवाच्या दोन बाजूंची वाढ असमान होऊन तो अवयव वळतो. या आविष्काराला प्रकाशानुवर्तन म्हणतात. खोड सामान्यतः प्रकाशाकडे वळते, तर काही वनस्पतींची मुळे त्यापासून दूर जातात. खिडकीतील रोप बाहेर झुकते हे सर्वांच्या परिचयाचे असले, तरी त्यामागील यंत्रणा उलगडण्यास दीर्घ काळ लागला.

स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ ओग्युस्तँ पीराम द कांदॉल यांनी १८३२ मध्ये या वळण्याची मीमांसा केली. प्रकाशित बाजूची वाढ प्रकाशामुळे मंदावते आणि अंधारातील बाजू अधिक लांब होते, असे त्यांचे मत होते. प्रकाश जेथे पडतो तेथेच त्याचा परिणाम होतो, हे त्यात गृहीत होते.

या गृहीताला चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये धक्का दिला. कॅनरी गवताच्या कोवळ्या कोंबाचे टोक अपारदर्शक टोपीने झाकल्यास कोंब वळत नाही. मात्र टोक उघडे ठेवून खालचा भाग झाकल्यास तो वळतो, असे त्यांना आढळले. यावरून टोकाला प्रकाशाची जाणीव होते व तेथून काही प्रभाव खाली पोहोचतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. व्हिएन्ना येथील यूलियस व्हीस्नर यांनी १८८१ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहून डार्विन यांच्या बहुतेक निष्कर्षांना विरोध केला. १८८२ मध्ये डार्विन यांचे निधन झाले, तेव्हा हा वाद अनिर्णीतच होता.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डॅनिश शास्त्रज्ञ पीटर बॉयसेन-येन्सेन यांनी कोंबाचे टोक कापून मध्ये जिलेटीन ठेवले, तरी कोंब वळला. अंधाऱ्या बाजूस अभ्रकाचा पातळ तुकडा घातला असता मात्र वळणे थांबले. म्हणजे हा प्रभाव एखाद्या द्रव्याच्या रूपाने वाहत असावा. हंगेरीतील आर्पाद पाल यांनी कापलेले टोक एका कडेला ठेवून अंधारातही कोंब वळविला. फ्रिट्स व्हेंट यांनी नेदर्लंड्समधील उत्रेक्त येथे १९२६–२८ या काळात टोकातील द्रव्य आगराच्या ठोकळ्यांत उतरविले. असा ठोकळा टोक कापलेल्या ओटच्या कोंबावर एका कडेला ठेवल्यास कोंब वळतो व वळण्याचा कोन विशिष्ट मर्यादेत द्रव्याच्या प्रमाणावर अवलंबून असतो, हे त्यांनी दाखविले. या द्रव्याला पुढे ऑक्सिन हे नाव मिळाले.

द्रव्याची रासायनिक ओळख मात्र सरळपणे पटली नाही. फ्रिट्स केग्ल यांच्या प्रयोगशाळेने ‘ऑक्सिन-ए’ व ‘ऑक्सिन-बी’ अशी दोन संयुगे जाहीर केली. पण ती इतरांना मिळविता आली नाहीत आणि १९६६ मध्ये जतन केलेले नमुने तपासले असता ती निराळीच द्रव्ये निघाली. याच प्रयोगशाळेने १९३४ मध्ये मानवी मूत्रातून वेगळे केलेले इंडॉल ॲसिटिक अम्ल हेच वनस्पतींतील प्रमुख ऑक्सिन ठरले. प्रकाशामुळे ऑक्सिनाचा नाश न होता ते अंधाऱ्या बाजूकडे सरकते, असे अमेरिकेतील विन्स्लो ब्रिग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये मक्याच्या कोंबांवरील प्रयोगांनी दाखविले. त्यामुळे त्या बाजूच्या कोशिका अधिक लांबतात आणि कोंब प्रकाशाकडे झुकतो.

प्रकाश ग्रहण करणारे रंजकद्रव्य कॅरोटिनॉइड की फ्लॅविन, हा प्रश्न यानंतरही शिल्लक राहिला. ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुलातील लहान वनस्पतीच्या, निळ्या प्रकाशाकडे न वळणाऱ्या उत्परिवर्ती प्रकारांच्या अभ्यासातून १९९७ मध्ये संबंधित जीन ओळखला गेला. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला फोटोट्रोपिन म्हणतात. त्याच्याशी फ्लॅविन गटातील द्रव्य निगडित असते व ते निळा प्रकाश शोषून घेते. डार्विन पितापुत्रांनी केवळ टोपीच्या साहाय्याने अनुमानिलेल्या प्रभावाचा उगम व वाहक अशा रीतीने स्पष्ट झाले.