डाखाऊची गुलाबी शिला

म्युनिकजवळील डाखाऊ हे नाव आम्हां धर्मगुरूंच्या मनात एका विशेष आदराने वसलेले आहे. नाझींनी २२ मार्च १९३३ रोजी तेथे उघडलेल्या छळछावणीत पुढे २,७०० हून अधिक ख्रिस्ती धर्मोपदेशक डांबले गेले. त्यांतील २,५७९ कॅथलिक होते, आणि त्यांतही बहुसंख्य पोलिश. कार्मेलाइट संघाचे फादर टायटस ब्रँडस्मा १९४२ साली तेथेच मारले गेले. २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

ह्या धर्मगुरूंच्या अंगरख्यावर लाल कापडाचा त्रिकोण शिवलेला असे. लाल हा राजकीय बंद्यांचा रंग. त्याच आवारात गुलाबी त्रिकोणाचेही बंदी होते. जर्मन दंडसंहितेच्या १७५ व्या कलमाखाली समलिंगी म्हणून पकडलेले हे पुरुष. १९३५ साली ते कलम अधिक कठोर करण्यात आले. निरनिराळ्या छावण्यांत मिळून असे पाच ते पंधरा हजार पुरुष धाडले गेले असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

२९ एप्रिल १९४५ रोजी डाखाऊ मुक्त झाले. परंतु पश्चिम जर्मनीत ते कलम त्याच कठोर रूपात १९६९ पर्यंत टिकले, आणि पूर्णपणे रद्द झाले ते १९९४ साली. म्हणजे वाचलेल्याने आपली छळकथा सांगावी, तर तो आपल्याच तोंडाने गुन्हा कबूल करी! मग स्मारक मागणार कोण?

इतरांची स्मारके उभी राहत होती. १९६० साली म्युनिक येथील आंतरराष्ट्रीय पवित्र मिस्साबलिदान परिषदेच्या वेळी (हिच्यानंतरची परिषद १९६४ साली आपल्या मुंबईत भरली) डाखाऊत ख्रिस्ताच्या मरणयातनांचे प्रार्थनामंदिर समर्पित झाले. १९६७ साली प्रॉटेस्टंट बांधवांचे समेट-मंदिर आले. १९६८ साली नांदोर ग्लिड ह्या शिल्पकाराचे भव्य स्मारक झाले. त्याच्या एका भागात साखळीत गुंफलेले रंगीत त्रिकोण आहेत. त्यांत गुलाबी, हिरवा आणि काळा हे तीन रंग तेवढे वगळलेले!

१९८५ साली म्युनिकच्या समलिंगी संघटनांनी एक गुलाबी त्रिकोणी शिला घडवून घेतली. मारून टाकलेले आणि मौनाने पुन्हा मारलेले, अशा आशयाचे शब्द तिच्यावर कोरले. माजी बंद्यांच्या समितीने मात्र ती नाकारली. नाकारणारेही त्याच छावणीत पोळलेले होते, म्हणून त्यांना दोष देताना माझी लेखणी अडखळते. १९८८ साली शिलेला आसरा दिला तो समेट-मंदिराने. आमचे प्रार्थनामंदिर जवळच होते. समलिंगी व्यक्तींना आदराने व करुणेने स्वीकारावे, असे १९९२ च्या आमच्या धर्मशिक्षण ग्रंथात आले. शिला तोवर चार वर्षे शेजाऱ्यांच्या घरी होती, हे लिहिताना मला बोचते.

१९९५ साली ती छावणीच्या संग्रहालयातील स्मृतिदालनात आणली गेली. ग्लिडच्या साखळीत गुलाबी त्रिकोण नाही तो नाहीच.