कवडशातली धूळ: एअर फिल्टर आपल्या खोलीपर्यंत कसा आला

दिवाळी झाली की आमच्या कुर्डुवाडीकडे दोन गोष्टी सुरू होतात, कारखान्यांचं गाळप आणि घशाची खवखव. तोडणी झालेल्या फडात पाचट पेटवतात, चिपाडावर चालणाऱ्या बॉयलरची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. उन्हाळ्यात मग माळावरची धूळ. आमच्या आत्याला दमा आहे. तिच्या खोलीत एअर प्युरिफायर बसवायचा तर दहा-बारा हजार जाणार, ते वाया जाऊ नयेत म्हणून मी या यंत्राचा इतिहास काढून बसलो. जाहिरातीपेक्षा इतिहासातून जास्त कळलं, हे आधीच सांगतो.

तसा धूर आमच्या गावाला नवा नाही. गाव वाढलंच मुळात धुरावर. 1897 साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची. अडीच फुटी रूळ, आणि मोठ्या लाइनला जिथे ती भेटायची ते स्टेशन म्हणजे बार्शी रोड, आपलं कुर्डुवाडी. 1906 ला गाडी पंढरपूरला गेली, 1911 ला लातूरला, 1927 ला मिरजेला. (हाच कॅलथ्रॉप पुढे पॅराशूट बनवत बसला. तो वेगळा एपिसोड होईल.) वाफेच्या इंजिनाची गाडी, म्हणजे खिडकीत बसलं की डोळ्यात कोळशाचा कण ठरलेला. बायका पदर तोंडावर घ्यायच्या, बाप्ये उपरणं.

आता बघा, पदर हा फिल्टरच आहे. पण तो काय अडवतो? डोळ्यात जातो, कपड्यावर दिसतो तो जाड कण. जो दिसत नाही तो पदरातून आरामात आत जातो. सरकारचंही बरीच वर्षं असंच होतं. मुंबईत गिरण्यांच्या आणि इतर भट्ट्यांच्या धुरासाठी 1912 साली स्वतंत्र कायदा आला, पण तेव्हाचं भांडण डोळ्यांना दिसणाऱ्या काळ्या धुराशी होतं. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांची, म्हणजे पीएम 2.5 ची मर्यादा आपल्या राष्ट्रीय मानकांत आली 2009 साली. वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे 40 मायक्रोग्रॅम, चोवीस तासांना 60.

न दिसणारी धूळ दाखवून दिली ती जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने, 1870 च्या आसपास, लंडनमध्ये. त्याने केलं काय, तर अंधाऱ्या खोलीत प्रखर प्रकाशाचा झोत सोडला. कौलातून कवडसा पडला की त्यात धूळ नाचताना आपण सगळ्यांनी पाहिलीय, तेच. त्या झोतावर त्याने श्वास सोडला. सुरुवातीला झोत तसाच चमकत राहिला, पण श्वास संपत आला तसा झोताच्या मधोमध काळा डाग पडला! काळा का? कारण फुप्फुसाच्या तळातून आलेल्या त्या शेवटच्या हवेत धूळच नव्हती. मग ती गेली कुठे? आत राहिली. मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात भारी प्रयोग हाच. पुढे त्याने कापसाचा बोळा तोंडाशी धरून श्वास आत घेतला, तर सोडलेल्या श्वासाने झोत पहिल्यापासूनच काळा. यावरूनच त्याने आगीच्या बंबवाल्यांसाठी मुखवटा केला. त्यात ग्लिसरीनने ओलावलेला कापूस कणांसाठी आणि कोळसा वायूंसाठी. दोन कामं, दोन वेगळे थर. हे लक्षात ठेवा, खरेदीच्या वेळी लागणार आहे.

पुढची उडी दुसऱ्या महायुद्धातली. अणुबॉम्बच्या कारखान्यांत किरणोत्सारी धूळ अडवायला अमेरिकेला फिल्टर हवा होता. गॅस मास्कमधल्या कागदावरून तो तयार झाला, आणि त्या कागदात चक्क अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू होते. काचेचे तंतू नंतर आले. यालाच पुढे हेपा म्हणायला लागले. खरा हेपा म्हणजे 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवणारा.

इथे सगळ्यांची गल्लत होते. लोकांना वाटतं 0.3 पेक्षा बारीक कण निसटत असणार. फिल्टर पिठाच्या चाळणीसारखा असता तर निसटले असते. पण तो आहे तंतूंचं रान. पंढरपूरच्या वारीची गर्दी डोळ्यांसमोर आणा. भरलेली बैलगाडी पटकन वळू शकत नाही, खांबाला धडकते. लहान पोर सारखं इकडेतिकडे पळतं, तेही कशालातरी आपटतं. सटकतो तो मधला, ना जड ना चंचल. अर्व्हिंग लँगम्यूर या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने युद्धकाळात हेच गणित मांडलं होतं. 0.3 च्या आसपासचा कण पकडायला सगळ्यात अवघड, म्हणून परीक्षा त्याचीच घेतात. त्याहून बारीक उलट जास्त पकडले जातात. पाचटाच्या धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनच्या आतले, त्यामुळे आपल्याला हे कामाचं.

आता अलीकडे येऊ. 2020 च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात जंगलं पेटली आणि सॅन फ्रान्सिस्कोचं आकाश भरदिवसा नारिंगी झालं. त्या भागात आपली मराठी आयटीवाली मंडळी काही कमी नाहीत. तिथे काही घरांत जे यंत्र दिसायला लागलं ते दुकानातलं नव्हतंच. रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल या दोघांनी त्याच वर्षी कोरोनासाठी सुचवलेला खोका: चार-पाच फिल्टर चिकटपट्टीने जोडायचे, वर पंखा. फिल्टर हेपाही नाहीत, जरा हलकेच. तरी चालतं, कारण खोलीतली हवा त्यातून पुन्हा पुन्हा फिरते. एका फेरीत किती गाळलं यापेक्षा तासात किती हवा गाळली हे मोठं.

तर आत्याच्या खोलीचा हिशेब. दहा बाय बारा, उंची दहा फूट, म्हणजे 1200 घनफूट, साधारण 34 घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर 170 घनमीटर. खोक्यावर सीएडीआर लिहिलेला असतो तो एवढा तरी हवा, आणि तो पंख्याच्या सगळ्यात मोठ्या वेगाचा असतो, म्हणून थोडा जास्तच घ्या. रात्री आवाजामुळे वेग कमी केला की आकडा पडतो. 'हेपासारखा', 'हेपा टाइप' असं लिहिलेलं सोडून द्या. कोळशाचा थर वासासाठी, कणांसाठी नाही, टिंडलच्या मुखवट्यासारखंच. ओझोन सोडणारं यंत्र दम्याच्या माणसाजवळ अजिबात नको. आणि कागदी हेपा धुवायचा नाही. बाहेरची जाळी धुवा, आतला बदला, त्या बदलायच्या फिल्टरची किंमत आधी विचारून घ्या.

खरी अडचण घराची आहे. हा फिल्टर जन्मला बंद खोलीसाठी, आणि आपली घरं उघडी. उन्हाळ्यात कूलर लावला की तो बाहेरची हवा आत ओढणार, शिवाय त्याला खिडकी उघडी लागते. तिथे प्युरिफायर लावणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. पण गाळपाचा हंगाम थंडीत येतो. धूर जमिनीलगत दबून राहतो तो तेव्हाच, आणि दारं-खिडक्याही आपण तेव्हाच लावून घेतो. म्हणून आमच्याकडे ठरलंय ते असं: नोव्हेंबर ते मार्च, फक्त आत्याची खोली, दाराच्या फटीला जुनी सतरंजी. एप्रिलपासून यंत्र झाकून माळ्यावर, आणि धुळीला ओलं फडकं.