लॅपटॉपच्या पडद्याचं घराणं

या घराण्याचा मूळपुरुष गाजरांच्या नादी लागलेला होता. प्रागच्या जर्मन विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनित्सर गाजरात कोलेस्टेरॉलचा कोणता भाऊबंद असतो, याचा शोध घेत होते. १८८८ साली त्यांनी कोलेस्टेरॉलपासून केलेलं एक संयुग तापवलं, तर ते चक्क दोनदा वितळलं. १४५.५ अंशांना त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो गढूळपणा जाऊन नितळ झाला. हे काही आपलं काम नव्हे, असं पाहून त्यांनी मार्चमध्ये नमुना भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेमान यांच्याकडे धाडला. लेमान यांच्यापाशी नमुना तापवत तापवत पाहता येणारा, ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक होता. त्यांना दिसलं की हा द्रव वाहतो खरा, पण प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा. भल्याभल्या रसायनशास्त्रज्ञांनी 'पदार्थ अशुद्ध असणार' म्हणून नाकं मुरडली. पण द्रवस्फटिक खरे होते.

त्यानंतर ऐंशी वर्षं ही प्रयोगशाळेतली गंमतच राहिली. १९६८ साली अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या जॉर्ज हाइलमायर यांनी द्रवस्फटिकाचा पहिला पडदा जाहीर केला. वीज दिली की नितळ थर दुधी व्हायचा. भिंतीवर टांगायच्या टीव्हीची स्वप्नं तेव्हाच पडू लागली होती. त्याच कंपनीतल्या वोल्फगांग हेलफ्रिश यांना याहून चांगली युक्ती सुचली होती, पण तिथे ती कुणी मनावर घेतली नाही. ते स्वित्झर्लंडला, बाझेलच्या हॉफमन-ला रोश या औषधकंपनीत गेले आणि मार्टिन शाड्ट यांच्या जोडीनं ४ डिसेंबर १९७० रोजी त्या युक्तीचं पेटंट दाखल केलं. टीएन नावाचा पडदा जन्मला तो असा, औषधं बनवणाऱ्यांच्या घरी.

ती युक्ती नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढची सगळी भावकी तिच्यातून निघाली. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये काही मायक्रॉन जाडीचा द्रवस्फटिकाचा थर असतो. काचेवरचा लेप मखमलीसारख्या कापडानं एकाच दिशेनं घासला की लांबट रेणू त्या दिशेनं आडवे होतात. वरची काच उभी आणि खालची आडवी घासली, तर मधले रेणू जिन्याच्या पायऱ्यांसारखे वळत वळत ९० अंशांचा पीळ घेतात. प्रकाशही त्या पिळाबरोबर वळतो आणि एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन पोलरायझरांतून, म्हणजे एकाच दिशेच्या कंपनांचा प्रकाश सोडणाऱ्या पट्ट्यांतून, पार होतो. वीज दिली की रेणू ताठ उभे राहतात, पीळ सुटतो आणि प्रकाश अडतो. करड्या छटेसाठी त्यांना अर्धवट उभं करायचं. गोम इथेच आहे. अर्धवट कललेला रेणू एका बाजूनं पाहिला तर वेगळा, दुसरीकडून पाहिला तर वेगळा. स्वस्त टीएन लॅपटॉपचा पडदा थोडा मागे कलंडवला की माणसांच्या चेहऱ्याचे रंग उलटतात, ते यामुळे. हा दोष कारागिरीचा नाही, रक्तातलाच आहे.

इंग्लंडमधल्या हल विद्यापीठातल्या जॉर्ज ग्रे यांनी १९७३ च्या सुमारास घरातल्या तापमानाला टिकणारे द्रवस्फटिक दिले. पुढे प्रत्येक ठिपक्यामागे ट्रान्झिस्टर आला, आणि १९९२ च्या थिंकपॅड ७००सीवर १०.४ इंचांचा रंगीत पडदा झळकला.

टीएनच्या या जन्मजात दोषावरच्या इलाजाशी बंगळुरूचं नातं आहे. तिथल्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली चकतीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात, हे दाखवून दिलं. (नोबेलवाले चंद्रशेखर निराळे. ते सर सी. व्ही. रामन यांचे पुतणे, हे भाचे.) अशाच चकत्यांचा थर दिलेली फिल्म पुढे जपानच्या फुजीनं बनवली. ती टीएनवर चढवली की बाजूनं पाहतानाची विकृती बरीच कमी होते. बंगळुरूच्या या शोधाबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

मुळावरचा उपाय मात्र आयपीएस नावाच्या पडद्याचा. जर्मनीत फ्रायबुर्गला ग्युंटर बाउर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास त्याचं पेटंट घेतलं आणि जपानमध्ये हिताचीनं तो कारखान्यात उतरवला. दोन्ही विद्युतअग्रं एकाच काचेवर ठेवायची, म्हणजे रेणू उभे न राहता झोपल्या झोपल्याच कूस बदलतात. कुठूनही पाहा, रंग जवळपास तोच. बदल्यात पडद्यामागचा दिवा जास्त प्रखर लागतो, आणि सुरुवातीचे आयपीएस पडदे हालचालीला मंदही होते.

लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे पडद्यासाठी चित्रं रचणाऱ्या भागाचा, संबंध येतो तो या मंदपणाशी. सेकंदाला १४४ चित्रं रचणारं महागडं कार्ड घेतलं, तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला जेमतेम ७ मिलिसेकंद येतात. रेणूंनी तेवढ्यात कूस बदलली नाही, तर आधीच्या चित्राची सावली पुढच्यावर रेंगाळते. म्हणून खेळांसाठीच्या लॅपटॉपांत टीएन बराच काळ टिकून राहिला. आताच्या आयपीएसनं ती कसर बरीच भरून काढली आहे. पण पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रंच दाखवणारा असेल, तर त्या महागड्या कार्डाला मोजलेले पैसे निदान खेळाच्या वेगापुरते बरेचसे वाया गेले समजा. दुकानात हे सहसा कुणी सांगत नाही.

ओलेड या घराण्यातला नव्हेच. १९८७ साली कोडॅकच्या चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी विजेनं स्वतःच उजळणारे सेंद्रिय थर दाखवले. तिथे ना मागचा दिवा, ना वळणारे रेणू. ठिपका विझला की खरोखर काळा, आणि वेग एवढा की वरचा हिशेबच बाद. फक्त हे सेंद्रिय पदार्थ वापरानं झिजतात, त्यातही निळा सर्वांत लवकर. दिवसभर एकच हिशेबाची चौकट उघडी ठेवणाऱ्या माणसाला मी अजून तरी आयपीएसच सुचवतो. रात्री दिवे मालवून सिनेमे पाहणाऱ्यानं मात्र खुशाल ओलेड घ्यावा.