गाडीसाठी योग्य कूलंट कसं निवडायचं? फक्त रंग बघून फसू नका!

सर्व्हिसिंगला गाडी टाकली की मेकॅनिक विचारतो, "कूलंट बदलायचंय, कुठलं टाकू?" आणि आपण बॉनेट उघडून टाकीत बघतो, हिरवं दिसलं की म्हणतो, "हिरवंच टाका." मित्रांनो, नेमकी इथेच चूक होते. कूलंटचा रंग ही फक्त त्यात मिसळलेली डाय असते. आत कोणतं रसायन आहे, हे रंगावरून कळत नाही. मग योग्य कूलंट ओळखायचं कसं? चला, सोप्या भाषेत समजून घेऊ.

कूलंट नेमकं काय काम करतं?

इंजिन चालताना भरपूर उष्णता तयार होते. कूलंट इंजिनच्या आतल्या पोकळ्यांमधून फिरतं, ती उष्णता घेतं आणि रेडिएटरमध्ये आणून हवेत सोडतं. यात मुख्य तीन गोष्टी असतात: पाणी, ग्लायकॉल (बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल) आणि गंज रोखणारी रसायनं.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? साधं पाणी चालतं की!" असं बरेच जण म्हणतात. पण साधं पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असेल तर ते साधारण १०७ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि रेडिएटरच्या झाकणामुळे आत दाब राहत असल्याने प्रत्यक्षात ही मर्यादा आणखी वर जाते. एप्रिल-मे महिन्यात एसी लावून, गाडी भरून घाट चढताना हाच फरक कामाला येतो. शिवाय नुसत्या पाण्याने आतून गंज चढतो, तो वेगळाच.

कूलंटचे मुख्य प्रकार

फरक असतो तो गंज रोखणाऱ्या रसायनांमध्ये.

१. आयएटी: हा जुना प्रकार. यात सिलिकेट, फॉस्फेटसारखे क्षार असतात. ते धातूवर पटकन थर धरतात, पण लवकर संपतात. साधारण २ वर्षांत बदलावं लागतं.

२. ओएटी: यात सेंद्रिय आम्लं असतात. जिथे गंज सुरू होतो तिथेच ती काम करतात, म्हणून जास्त टिकतात. साधारण ५ वर्षं.

३. एचओएटी: दोन्हींचं मिश्रण. यातही पोटप्रकार आहेत. जपानी कंपन्या साधारणपणे फॉस्फेट असलेलं, सिलिकेट नसलेलं कूलंट वापरतात. युरोपियन कंपन्या अनेकदा सिलिकेट असलेलं पसंत करतात.

ही वर्षं ढोबळ आहेत. तुमच्या गाडीचा खरा आकडा मॅन्युअलमध्येच मिळेल.

मग रंगाचं काय?

रंगाचा सगळ्या कंपन्यांना लागू होणारा नियमच नाही. होंडाचं टाइप २ कूलंट निळं असतं. फोक्सवॅगनचं जुनं जी ११ निळसर हिरवं असतं. दिसायला जवळपास सारखं, पण पहिल्यात सिलिकेट नाही आणि दुसऱ्यात आहे! टोयोटाचं सुपर लाँग लाइफ कूलंट गुलाबी असतं, आणि फोक्सवॅगनच्या जी १२ मालिकेतलंही गुलाबीकडे झुकतं. म्हणून ते एकमेकांच्या जागी चालतील असं नाही.

चुकीची दोन कूलंट एकत्र झाली तर गंज रोखणारी रसायनं निकामी होऊ शकतात. काही जोड्यांमध्ये तर चिखलासारखा गाळ तयार होतो. तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये अडकतो, गाडी हीट होते आणि शेवटी हेड गॅस्केट उडतं. म्हणजे एका बाटलीच्या चुकीसाठी इंजिन उघडायची वेळ!

योग्य कूलंट निवडायच्या ४ पायऱ्या

१. मॅन्युअल बघा. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या मॉडेलचं पीडीएफ शोधा. कूलंटच्या पानाचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा.

२. बाटलीची मागची बाजू वाचा. मॅन्युअलमधला प्रकार किंवा मानक तिथे लिहिलेलं आहे का बघा. भारतीय मानक आयएस ५७५९, जपानी मानक जेआयएस के २२३४ अशी नावं दिसतील. पण नुसतं मानक जुळणं पुरेसं नाही, कंपनीने सांगितलेला प्रकारही जुळला पाहिजे.

३. कॉन्सन्ट्रेट आहे की प्रीमिक्स, हे तपासा. प्रीमिक्स थेट टाकायचं, त्यात पाणी मिसळायचं नाही. कॉन्सन्ट्रेटमध्ये मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रमाणात, बहुतेक वेळा निम्मं-निम्मं, डिस्टिल्ड वॉटर मिसळायचं. बोअरचं किंवा नळाचं पाणी नको, त्यातले क्षार आत साचतात. आणि "जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं" असंही नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे.

४. आधी कुठलं टाकलंय ते माहीत नाही? सेकंड हँड गाडीत असं हमखास होतं. अशा वेळी वरून भर घालू नका. जुनं पूर्ण काढून, सिस्टीम फ्लश करून नवीन भरून घ्या. बाटलीचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी शोधाशोध नको.

या चुका टाळा

- इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं उकळतं कूलंट दाबाने अंगावर उडतं.
- लेव्हल गाडी थंड असताना बघा. ती मिन आणि मॅक्स या खुणांच्या मध्ये हवी.
- लेव्हल सारखी कमी होत असेल तर नुसतं भरत बसू नका. कूलंट पेट्रोलसारखं जळून संपत नाही. कमी होतंय म्हणजे कुठेतरी गळती आहे.
- कूलंट तपकिरी झालं किंवा त्यावर तेलाचा तवंग दिसला, तर लगेच मेकॅनिकला दाखवा.
- इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असतं. लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा. जुनं कूलंट गटारात ओतू नका.

रस्त्यात कूलंट संपलं तर?

टेम्परेचरचा काटा लाल रेषेकडे गेला किंवा दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. मगच टाकीत बघा. जवळ योग्य कूलंट नसेल तर पिण्याचं स्वच्छ पाणी टाकून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. मिळेल ते कूलंट ओतण्यापेक्षा हे बरं. नंतर मात्र गळती शोधून पूर्ण कूलंट बदलून घ्या.

आणि हो, लिक्विड कूल्ड बाइक असेल तर तिलाही हेच लागू. कारसाठी आणलेलं उरलंसुरलं कूलंट बाइकमध्ये टाकण्याआधी तिचं मॅन्युअल बघा.

तर पुढच्या सर्व्हिसिंगला "कुठलं टाकू?" असा प्रश्न आला, की रंग सांगू नका. फोनमधला तो स्क्रीनशॉट दाखवा!