गावात सोलर आलं, तरी लोक 'खरी वीज द्या' का म्हणत होते?

बिहारच्या जेहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचं गाव आहे. सुमारे 30 वर्षं इथे वीज नव्हती. जुलै 2014 मध्ये ग्रीनपीस आणि सोबतच्या संस्थांनी इथे 100 किलोवॅटचा सोलर मायक्रोग्रिड सुरू केला. मायक्रोग्रिड म्हणजे गावापुरतं छोटं वीज केंद्र. पॅनलवर वीज तयार होते, बॅटरीत साठते आणि तारांनी घरोघरी जाते. सुमारे 450 घरांत उजेड आला.

पण उद्घाटनाला नेते आले, तेव्हा गावकऱ्यांनी घोषणा दिल्या. त्यांना 'नकली' नाही, 'असली' वीज हवी होती.

असं का? कारण या विजेवर दिवा, पंखा, मोबाइल चार्जिंग चालायचं. इस्त्री किंवा राइस कुकर लावायला मनाई होती. तेवढा लोड सिस्टिमला झेपत नव्हता. त्यात युनिटचा दर सरकारी विजेपेक्षा जास्त. लवकरच सरकारी लाइन गावात आली आणि लोक तिकडे वळले.

दुसरी अडचण बॅटरीची. सोलर पॅनल साधारण 25 वर्षं चालतं, पण लेड-ॲसिड बॅटरी 3 ते 5 वर्षांतच बदलावी लागते. धरनईत तीनेक वर्षांत बॅटऱ्या संपल्या आणि दुरुस्ती झालीच नाही. पुढे त्या जागेत गुरं बांधली जाऊ लागली.

मग खेड्यात सोलर चालतच नाही का? चालतं, पण देखभालीची सोय आधी करावी लागते. राजस्थानातल्या तिलोनियाचं बेअरफूट कॉलेज हेच करतं. दुर्गम गावांतल्या, फारसं न शिकलेल्या महिलांना तिथे सहा महिन्यांचं ट्रेनिंग मिळतं. वायर आणि सुटे भाग रंगांवरून ओळखायला शिकवतात. परत गेल्यावर गावातली दुरुस्ती त्याच बघतात. घरटी दरमहा ठरावीक वर्गणी जमते, त्यातून त्यांचं मानधन आणि सुट्या भागांचा खर्च निघतो.

त्यामुळे तुमच्या गावात सोलर प्रकल्प येणार असेल, तर ग्रामसभेत तीन प्रश्न नक्की विचारा. बॅटरी संपली की नवीन कोणाच्या पैशातून येणार? बिघाड झाला तर दुरुस्त कोण करणार? आणि उद्या सरकारी लाइन आली, तर या प्रकल्पाचं काय होणार?